घारीचा बाक

दोर आधी पडला, आवाज नंतर आला.

जिते गावाजवळच्या डोंगराखाली निशिगंधा वालाच्या शेंगा तोडत होती. वरच्या कड्यावरून दोराचं भेंडोळं सळसळत आलं आणि थेट वेलांवर पडलं. मग कोणीतरी ओरडलं, "दोर येतोय!"

"आला तो!" ती ओरडली. "आता तू बी ये, माझे वाल मोडले ते बघायला!"

तो उतरून आला. रोह्याचा साईराज. डोलवीला कंपनीत शिफ्ट करायचा आणि सुट्टीला कडे चढायचा. त्याने माफी मागितली, शेंगा तोडू लागतो म्हणाला, आणि दुपारभर तिच्या शेजारी वाकून निम्म्या कोवळ्याच तोडल्या. ती रागावली... पण हसू काही लपलं नाही.

पुढे साईराजचा जोडीदार नितेश गुजरातला कामाला गेला. खालून दोर धरायला कोणी उरलं नाही. मग साईराजने निशिगंधाला शिकवलं. चढणारा वर सरकला की दोर सोडायचा, घसरला की आवळायचा. एकदा तो खरंच घसरला आणि तिने त्याला जागच्या जागी धरलं. त्या दिवसापासून तो खाली न बघता चढू लागला.

कड्याच्या मध्यावर एक रुंद खडक पुढे आला आहे. त्याला घारीचा बाक म्हणतात. पावसाळा सरला की शहरातली माणसं यायची. साईराज आधी चढायचा, मग वरून दोर ओढून एकेकाला बाकावर घ्यायचा. उतरलेला प्रत्येक माणूस म्हणायचा, "काय देखावा आहे!"

निशिगंधाने तो देखावा कधीच पाहिला नव्हता. दोर धरणाऱ्याला दिसतात ते चढणाऱ्याचे तळवे.

त्यात सुरभी आली. पुण्याची. लागोपाठ दोन रविवार आली, आणि दोन्ही वेळा बाकावर बसली ती बसलीच. वरून हसण्याचा आवाज यायचा. त्याचा आणि तिचा. निशिगंधाला वाटायचं, एवढं काय दिसतं वर? की देखावा राहतो बाजूला, आणि...

तिसऱ्या रविवारी सुरभी नवे बूट घालून आली. साईराज चढू लागला. थोड्या वेळाने त्याने हाक दिली, "ढील दे!"

निशिगंधाने वीतभर दोर सोडला.

"अगो, ढील!"

आणखी वीतभर.

"निशी! झोपलीस काय?"

"जागी हाय. म्हणून तर देत नाय."

कसाबसा तो बाकावर पोचला. पण सुरभीला वर घेण्याऐवजी त्याने दोर तिथल्या लोखंडी कडीतून ओवला आणि म्हणाला, "मला खाली सोड." खाली पाय टेकताच तो तिच्यासमोर उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

"अशानं माणूस पडतो गो. काय झालंय तुला?"

"मला काय धाड भरलीय? तिला दे ना दोर. तिचा हात मऊ हाय."

सुरभी म्हणाली, "माझ्या हातावर हा चढणार नाही. मागच्या वेळी मी विचारलं होतं, दोर मी धरू का. म्हणाला, निशी खाली असेल तरच मी वर."

निशिगंधाला क्षणभर बरं वाटलं. दुसऱ्याच क्षणी जास्त राग आला.

"म्हंजे मी जलमभर खालीच? जगाला वर नेतोस, आणि मी तुझे तळवे बघू?"

 साईराजला ते कधी सुचलंच नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग त्याने स्वतःच्या कमरेचा दोर सोडला, तिच्या कमरेला बांधला, गाठ दोनदा तपासली.

"जा. मी धरतो."

ती चढली. कोपर खरचटलं, गुडघा आपटला, पण चढली. बाकावर बसून तिने समोर पाहिलं.

भाताची खाचरं पिवळी झाली होती. रुळांवरून गाडी चालली होती. ट्रक रामवाडीकडे जात होते, पण त्यांचा आवाज नव्हता. लांब खाडीचं पाणी चमकत होतं, त्यापलीकडे डोलवीचा धूर. आणि खाली गावात तिचंच अंगण. आई हात हलवून कोणावर तरी ओरडत होती... तीही मुकी. एवढं सगळं याने दुसऱ्यांना आधी दाखवलं!

तिने खाली पाहिलं. सुरभी साईराजला काहीतरी सांगत होती. त्याची मान वरच होती.

"काय म्हणते ती?" निशिगंधाने वरून विचारलं.

"म्हणते, सांगून टाक."

"काय?"

तो काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाय आलं! मोठ्यानं!"

"तू आवडतेस मला!" साईराज ओरडला. शेतातल्या बायकांनी विळे थांबवून वर पाहिलं. सुरभीने टाळ्या वाजवल्या. तो गडबडून म्हणाला, "आता उतर गो... लोक बघतायत!"

"बघू देत. आणि ऐक. ह्या बाकावर आता कुणाला आणायचं नाय. पाहुणे पलीकडच्या कड्यावर ने. हा माझा."

"बरं! आणि मी?"

निशिगंधा पाय हलवत बसून राहिली. तिला कसलीही घाई नव्हती.

"तू कुठं जातोस?" ती म्हणाली. "दोर तुझ्या हातात हाय, आणि मी अजून उतरलेली नाय."