नव्या स्टिकरची बॅटरी

बसा सगळे, दिवा राहू द्या तसाच. उद्या पहाटे गाडी घेऊन निघणार म्हणताय, आणि बॅटरी कधीची आहे ते एकालाही माहीत नाही. शाबास! आडरस्त्यात बसली की मग कळणार वाटतं? तीस वर्षं गॅरेज चालवलंय मी, उगाच नाही बोलत. आणि आता जे सांगतो ते ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरलं, त्यानंच माझ्यासमोर बसून सांगितलं. सांगताना रुमालाला हात पुसत होता. पुसलेलेच हात, पुन्हा पुन्हा.

त्याचं औषधाचं दुकान. आम्ही त्याला तारीखराव म्हणायचो, कारण बिस्किटाच्या पुड्यावरचीसुद्धा तारीख वाचल्याशिवाय हा पठ्ठ्या तोंडात काही घालायचा नाही. बायको दम्याची. हिवाळ्यात रात्री-अपरात्री दम लागला की तिला लगेच दवाखान्यात न्यावं लागायचं, त्यामुळे गाडी पहिल्या फटक्यात सुरू होणं भाग होतं. जुनी बॅटरी चार वर्षांची, सकाळी किल्ली फिरवली की नुसती कण्हायची. बदलायची ठरली.

माझ्याकडे आला असता तर! पण मी तेव्हा दोन महिने परगावी होतो. तो गेला चकाचककडे. चकाचक म्हणजे बॅटऱ्या विकणारा. दुकान इतकं पुसून-पासून ठेवायचा की नाव तेच पडलं. तारीखरावाला ग्रीसच्या चिंध्यांची शिसारी, त्याला ते दुकान आवडलं. त्यानं विचारलं सगळं नीट. आकार तोच आहे ना, प्लसचं टोक त्याच बाजूला येतं ना, आपल्या गाडीला लागते तेवढ्या अँपिअरची आहे ना. मग स्टिकरवरची तारीख वाचली. मागच्याच महिन्याची. झालं! सगळा जन्म लेबलांवर विश्वास ठेवण्यात गेलेला माणूस तो. स्टिकर कुणीही चिकटवतं. बॅटरीच्या प्लास्टिकवरच तारखेचे आकडे ठोकलेले असतात, ते ताडून बघायचे असतात, हे त्याला कोण सांगणार?

चकाचकनं वर सल्लेही दिले. "टोकं कोरडी ठेवा साहेब, जरा व्हॅसलीन लावा. बॅटरी हलू देऊ नका, पट्टी घट्ट हवी. इंजिन बंद करून दिवे, गाणी लावून बसू नका. आठवड्यातून दोनदा तरी गाडी लांबवर फिरवून आणा. चार-पाच वर्षं बघायला नको!"

सल्ले अगदी खरे होते. मला ओकारी येते ती त्याचीच. माल खोटा आणि सल्ले मात्र खरे.

तारीखरावानं रबरी हातमोजे घालून सगळं पाळलं. तरी दर दोन दिवसांनी टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी. तशी ती येते, आम्हीही कोमट पाण्यात खायचा सोडा घालून घासतो. पण ही ओली असायची. एकदा हातमोजा फाटला आणि बोट तिच्यात रुतलं. ती कोमट लागली, म्हणाला. गाडी रात्रभर थंडीत उभी, आणि ती कोमट... त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

मग ती रात्र. जानेवारीची सतरा तारीख, दोन वाजून दहा मिनिटं.

बायको उठून बसली. श्वास आत जाईना. पंप मारून झाला, उपयोग नाही. दवाखान्याची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन लांब गेलेली. यानं बायकोला शेजारच्या सीटवर बसवलं, किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू. दोन किलोमीटर जायचं. अर्ध्या किलोमीटरवर पुलाचं वळण, तिथून पुढे चढ.

वळणाच्या अलीकडे हॉर्न वाजला.

त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या कडेला होते.

एकदा लांब. मग दोनदा आखूड. थांबला. पुन्हा लांब...

"हा..." बायकोला धड बोलता येत नव्हतं. "हा... तोच ना?"

त्यानं ॲक्सिलरेटर दाबला.

तोच होता. चार महिन्यांपूर्वी, सप्टेंबरात, मध्यरात्रीपासून हाच आवाज त्यांच्या घरात येत होता. "उठून बघा तरी," ती म्हणाली होती. "दारुडे असतील, झोप तू," म्हणून यानं दुकानातला कापूस कानात घातला होता. वळणावरच्या चारही घरांनी खिडक्या लावून घेतल्या. हॉर्न वाजत राहिला, पहाटेकडे बारीक होत होत थांबला. उजाडल्यावर लोकांनी पाहिलं. खड्ड्यात गाडी. आत पाय चेंगरलेला माणूस. हात हॉर्नवर. अंग गार...

तोंड वाकडं करताय? करा. मलाही किळस येते.

दिवे पिवळे पडले. मग लाल. मग गेलेच. इंजिन बंद. बरोबर वळणावर. मोबाइलला रेंज नाही. आणि बॉनेटमधून वास... सडक्या अंड्यांचा.

आता त्यानं स्वतः हॉर्न दाबला. बारीक आवाज निघाला. परत दाबला. "अहो, कुणी आहे का? बाई गुदमरतेय!"

एका घरात दिवा लागला.

खिडकी बंद झाली.

दिवा गेला.

तो खाली उतरला. दार उघडं ठेवून, खांदा लावून ढकलू लागला. चढ होता. गाडी तसूभर हलेना. बायकोचे ओठ काळेनिळे पडत चालले.

आणि... गाडी हलली.

चढावर.

मागून कुणीतरी ढकलत होतं.

"कोण?"

एक पाऊल. मग काहीतरी फरफटत. एक पाऊल. फरफट...

तो आत बसला. स्टिअरिंग धरलं. वास आता मागून येत होता. आरशात पाहिलं नाही. दीड किलोमीटर... एकदाही नाही.

दवाखान्याच्या फाटकाशी गाडी थांबली. बायकोला आत नेलं, ऑक्सिजन लावला. वाचली. धडधाकट आहे आज.

हा मागे जाऊन आला. कुणी नव्हतं.

दोन दिवसांनी मी परतलो आणि आम्ही दोघं चकाचककडे गेलो. बॅटरी मी काउंटरवर आदळली. चकाचकनं आधी का-कू केलं, मग म्हणाला, "त्या खड्ड्यातल्या गाडीतलीच. धुतली, चार्ज केली, स्टिकर लावला. सगळेच करतात हो!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याची गचांडी धरणार होतो. तारीखरावानं माझा हात धरला.

"सोडा त्याला," म्हणाला. "यानं मेलेल्याची बॅटरी विकली. मी तर जिवंतपणी त्याचा आवाज बंद केला. मला कोण मारणार?"

मग मला बाहेर नेलं आणि गाडीची डिकी दाखवली. त्यावर दोन पंजे. दाही बोटं वेगळी. तेवढ्या जागेचा रंग उडून पत्रा उघडा पडलेला. मी हातानं चाचपून पाहिलं. ॲसिडनंच खाल्लेला पत्रा, डोळे मिटून ओळखतो मी. पण बॅटरी पुढे, बॉनेटखाली... ॲसिड मागे येईल कुठून?

तीनदा रंगवली मी ती डिकी, माझ्या हातानं. सगळीकडे रंग धरतो. तेवढ्या दोन पंजांवर धरत नाही.