राखाडी चौकोनातलं अक्षर

"आळपिणसूठ!"

कप्तानने सहाव्यांदा मोठ्याने वाचलं आणि पेन्सिल टेबलावर आपटली.

"परत एकदा बघ ना," ढापण्या चष्मा वर सारत म्हणाला. "आपलंच काहीतरी चुकलं असेल."

"काय बघू? आ, ळ, पि, ण, सू, ठ! सरळ वाच, उलटं वाच, नाहीतर डोक्यावर उभा राहून वाच!"

"पोटदुखीवरचं औषध असेल," भुंगा म्हणाला. "दोन चमचे आळपिणसूठ, जेवणानंतर!"

एरवी तिघंही खो खो हसली असती. आज कोणालाच हसू आलं नाही.

कप्तान म्हणजे तेरा वर्षांची मुलगी. तिला कप्तान कोणी नेमलं नव्हतं, तिनेच स्वतःला नेमून घेतलं होतं. भुंगा तिचा दहा वर्षांचा भाऊ. झोपेतसुद्धा गुणगुणायचा, म्हणून भुंगा. आणि ढापण्या त्यांचा मावसभाऊ, सुट्टीत राहायला आलेला. त्याचा चष्मा त्याच्या आधी खोलीत शिरायचा!

सुट्टीभर तिघांना एकच वेड लागलं होतं. रविवारच्या पुरवणीतलं मुलांचं शब्दकोडं! सहा आठवडे, सहा कोडी. प्रत्येक कोड्यात एक चौकोन राखाडी. कोडं सुटलं की त्या चौकोनातलं अक्षर जपून ठेवायचं. सहा अक्षरं ओळीने लावली की दडलेलं उत्तर हाती. ते पोस्टकार्डावर लिहून पाठवायचं आणि पहिलं बक्षीस, लालभडक सायकल! वर्तमानपत्राच्या कचेरीत काचेमागे ती उभी होती. तिघं चार वेळा जाऊन काचेला नाक लावून आली होती.

सहाही कोडी त्यांनी सोडवली होती. एकही चौकोन रिकामा नव्हता. आणि उत्तर काय, तर आळपिणसूठ!

"आपल्याला मूर्ख बनवलंय," कप्तान म्हणाली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "अख्खी सुट्टी वाया! ढापण्या, कागद आण. मी पत्र लिहिते."

तिने फर्रकन लिहून काढलं. 'ज्यांना कोडं रचता येत नाही, त्यांनी घरी बसावं. म्हातारपणी डोकं चालत नसेल, तर मुलांची सुट्टी नासवू नये.' खाली सही, 'एक फसवलेली वाचक'.

"ते म्हातारे आहेत हे तुला काय माहीत?" ढापण्याने विचारलं.

"असणारच! असली कोडी म्हातारेच रचतात."

दुसऱ्या रविवारी ते पत्र चक्क चौकटीत छापून आलं! खाली संपादकांची टीप होती, 'एकाही स्पर्धकाला उत्तर मिळालेलं नाही. वाचकांची नाराजी लक्षात घेऊन एकतीस वर्षं चाललेलं हे सदर आजपासून बंद करत आहोत.'

"ताई, तू सदर बंद पाडलंस!" भुंगा ओरडला. त्याला ते फारच भारी वाटलं. खोटं कशाला सांगायचं, कप्तानलाही वाटलं.

तेवढ्यात आईने खांद्यावरून डोकावून पत्र वाचलं. "कोणीतरी फारच तोडून लिहिलंय हो," ती म्हणाली. "रचणाऱ्याला काय वाटलं असेल!" आणि ती आत निघून गेली. कप्तानने पुरवणीची घडी घालून ती उशीखाली सारली.

आठवडाभराने पुढचा उद्योग भुंग्याने केला. कोड्यांची कात्रणं आता कोणालाच नको होती, म्हणून त्याने सहाही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला चिकटवली. त्यातून त्याला बुद्धिबळाचा पट गिरवायचा होता. उन्हात कागदांच्या आरपार दिसायला लागलं.

"ताई, सगळ्यांचा काळा ठिपका एकाच जागी आलाय!"

"कसला ठिपका?"

कप्तान उठून आली आणि बघतच राहिली. सहा कागदांचे सहा राखाडी चौकोन एकावर एक बरोब्बर बसले होते. चौथी ओळ, तिसरं घर. सहाही आठवडे तेच!

"असं कोण लपवेल?" ढापण्या हळूच म्हणाला. "लपवायचं तर दर वेळी जागा बदलेल ना माणूस!"

"बदललीच असणार," कप्तान म्हणाली. "मधेच कोणीतरी घोळ केलाय. चला, कचेरीत!"

कचेरीत पानं लावणारे काका संगणकासमोर बसून चहात बिस्किट बुडवत होते. मुलांचा प्रश्न ऐकून ते हसले.

"राखाडी चौकोन? तो मीच करतो. पहिलं कोडं माझ्या आधीच्या जुन्या काकांनी लावलं आणि ते निवृत्त झाले. पुढची मी लावली. कोडं रचणाऱ्या बाईंच्या कार्डांवर खूणच नव्हती, मग ठेवला पहिल्यासारखा. एक चौकोन राखाडी हवा ना? आहे की!"

"पण काका, त्यातलं अक्षर—"

"अरे, नक्षी असते ती! चला, पळा आता. सुट्टी आहे ना? खेळा जाऊन."

नक्षी म्हणे! कप्तानचा अगदी संताप झाला. पण निघताना तिने बाईंचा पत्ता मात्र विचारून घेतला.

बाईंचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. दार उघडलं ते एका उंच, वाळक्या बाईंनी. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता.

"कोड्याबद्दल आलात?" त्यांनी विचारलं. "बाळांनो, कोडं बंद झालंय."

"बाई, तुमची कार्डं बघायची आहेत," ढापण्या म्हणाला. "एकदाच!"

बाईंनी त्यांना आत घेतलं. भिंतीवर छतापर्यंत फळ्या होत्या आणि सगळ्या रिकाम्या. त्यांच्यावर धुळीत चौकोनी जागा तेवढ्या स्वच्छ दिसत होत्या.

"सुट्टी लागायच्या आधी डोळ्यांचं ऑपरेशन झालं माझं," बाई सांगू लागल्या. "दीड महिना वाचायचं नाही, अशी तंबी होती. म्हणून सहाही कार्डं आधीच देऊन ठेवली होती. ती परत आली आहेत टपालाने. मी अजून पाकीटही फोडलं नाही. काय करू फोडून? चूक माझीच असणार."

कप्तानने पाकीट फोडलं. सुबक हाताने आखलेली सहा कार्डं. आणि प्रत्येकावर एक चौकोन फिकट पिवळ्या पेन्सिलीने रंगवलेला! दर कार्डावर वेगळ्या जागी!

"पिवळा!" भुंगा किंचाळला. "ताई, खूण आहे!"

"पिवळाच करते मी," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं. जुने काका कार्ड हातात घ्यायचे, पिवळा चौकोन बघायचे आणि छापताना राखाडी करायचे. नव्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. का रे? त्यांनी राखाडी केला नाही?"

ढापण्या पिवळ्या चौकोनांतली अक्षरं उत्तरांशी ताडून वाचत होता. "आ. ता. तु. म्ही. र. चा."

"आता तुम्ही रचा," कप्तान पुटपुटली.

"हो," बाई म्हणाल्या. "थकले मी आता. वाटलं, जो हे शोधून काढेल त्याला बोलवावं, कोडं रचायला शिकवावं आणि शब्दांची खोकी त्याच्या हवाली करावीत. ह्या सगळ्या फळ्या भरलेल्या होत्या. एकेका शब्दाचं एकेक कार्ड. मागे त्याची सूचक ओळ, ती कधी वापरली त्याची तारीख."

"मग ती खोकी?"

"शेजारणीने ते पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं, डोळ्यांबरोबर डोकंही गेलं आपलं. त्याच आठवड्यात खोकी रद्दीवाल्याला दिली."

कप्तानला कुठे बघावं तेच कळेना.

"कधी दिली?" ढापण्याने विचारलं.

"मंगळवारी."

"पळा!" कप्तान ओरडली, आणि तिघं धूम पळत सुटली. चौक ओलांडला, बाजार ओलांडला. भुंग्याची एक चप्पल वाटेत निसटली, ती घ्यायलाही तो थांबला नाही. रद्दीचं दुकान दिसलं तेव्हा तिघांनाही धाप लागली होती.

"खोकी... कार्डांची... बाईंची..."

रद्दीवाला तराजू पुसत होता. "ती होय? चांगली जाड कार्डं होती. गाडी गुरुवारीच गेली कारखान्यात. आत्तापर्यंत लगदाही झाला असेल त्याचा."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा, पोरी. मी काय निवडत बसतो का?"

परत येताना भुंग्याचं गुणगुणणंही बंद होतं. वाटेत त्याची चप्पल सापडली. ती त्याने मुकाट्याने पायात घातली.

बाईंचे शब्द तर गेले होते. पण चूक त्यांची नव्हती, हे तरी जगाला कळायलाच हवं होतं. निदान तेवढं तरी! दुसऱ्या दिवशी कार्डं घेऊन तिघं संपादकांसमोर उभी राहिली. संपादकांनी पानं लावणाऱ्या काकांना बोलावलं.

"हे पिवळं तेव्हा नव्हतं, साहेब!" काका हात झटकत म्हणाले. "माझ्या पडद्यावर मी काय बघितलं नसतं? बाईंनी मागाहून रंगवलं असेल."

"ऐकलंत?" संपादक म्हणाले. "जा बाळांनो, आम्हाला कामं आहेत."

कप्तानला हे अपेक्षितच होतं. तिने पिशवीतून एक गुंडाळलेला कागद काढला.

"बरं, काका. मग मुलांच्या पानासाठी एवढं चित्र तरी घ्या. माझ्या भावाने काढलंय."

"ठेव तिकडे."

"आत्ताच घ्या ना! नाहीतर रडतो तो."

भुंग्याने खालचा ओठ असा काही थरथरवला की काकांनी घाईघाईने कागद स्कॅनरमध्ये घातला. पडद्यावर चित्र उमटलं.

"काय काय दिसतंय, काका? नीट सांगा हं. त्याला बरं वाटेल."

"घर आहे. झाड आहे. एक माणूस. छान आहे!"

"आणखी?"

"आणखी काही नाही. आभाळ मोकळं आहे."

"नक्की?"

"अगं, हा काय समोर पडदा! मला दिसत नाही का?"

कप्तानने स्कॅनरमधून कागद काढून संपादकांच्या हातात दिला. संपादक बघतच राहिले. मोकळ्या आभाळात हा एवढा मोठा पिवळा सूर्य होता, आणि त्याखाली पिवळ्याच अक्षरांत लिहिलं होतं, 'काका, मी इथे आहे!'

भुंगा फिस्सकन हसला.

"कोडी आणि चित्रं तुम्ही काळ्या-पांढऱ्यात घेता," ढापण्या म्हणाला. "फिकट पिवळं त्यात येतच नाही."

काकांनी कपाळावरचा घाम पुसला. "साहेब, मी मूळ कार्ड कधी बघितलंच नाही. फक्त पडदा बघितला."

"आणि मी पत्र बघितलं, कोडं नाही बघितलं," संपादक हळूच म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता.

पुढच्या रविवारी सगळं छापून आलं. बाईंची जाहीर माफी, तीही पहिल्या पानावर. सहाही कोडी पुन्हा छापणार, योग्य चौकोनांसह. स्पर्धा नव्याने होणार. आणि तिघांचा फोटो, 'चाणाक्ष मुलांनी शोधली आमची चूक!' मुख्याध्यापकांचा घरी फोन आला. आईने कात्रण येईल-जाईल त्याला दाखवलं. बाबा म्हणाले, "शाब्बास रे वाघांनो!"

"पण सायकल?" भुंग्याने संपादकांना विचारलं होतं.

"तुम्हाला उत्तर माहीत आहे, बाळा. तुम्हाला कसा भाग घेता येईल?"

कप्तानला सायकलीचं काही वाटलं नाही. कात्रणात सगळं होतं. पिवळा चौकोन होता, सूर्य होता. ते पत्र कोणी लिहिलं, एवढंच नव्हतं.

"मी बाईंना सांगणार आहे," ती म्हणाली.

"वेडी आहेस का?" ढापण्या म्हणाला. "खाली तुझं नाव कुठे होतं? कोणालाही कळणार नाही. सगळे शाब्बास म्हणतायत, गप्प बस की!"

"म्हणूनच तर बसवत नाही!"

ती एकटीच बाईंच्या घरात गेली. ढापण्या आणि भुंगा फाटकापाशी थांबले. बाई रिकाम्या फळ्या ओल्या फडक्याने पुसत होत्या. धुळीतल्या त्या चौकोनी जागा आता उरल्या नव्हत्या.

"ये गं. तुमचे किती उपकार—"

"बाई, ते पत्र मी लिहिलं होतं."

फडकं हातातच राहिलं.

"म्हातारपणी डोकं चालत नसेल तर, ते मी लिहिलं. रागाच्या भरात लिहिलं. मला तुम्ही माहीतही नव्हता. माझं चुकलं, बाई. खूप चुकलं. मला सारखी तुमची खोकी दिसतात." कप्तानला रडू फुटलं. ती रडताना कोणी कधी बघितलं नव्हतं.

बाई खुर्चीत बसल्या.

"तुला कोणी पाठवलं हे सांगायला?"

"कोणी नाही."

"शेजारणीला मी ते तीनदा वाचायला लावलं," बाई म्हणाल्या. "तिसऱ्यांदा तिला माझी दया आली, तिने एक वाक्य गाळलं. पण तोवर माझं ते पाठ झालं होतं." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "एकतीस वर्षांचे शब्द होते ते. परत नाही जमायचे आता. तू कितीही रडलीस तरी नाही."

"माहीत आहे, बाई."

"आज जा तू. मला फार राग आलाय, आणि कोणाच्या लेकरावर मला ओरडायचं नाही."

कप्तान उठली. दारापर्यंत गेली, तेव्हा मागून आवाज आला.

"उद्या नऊ वाजता ये. कोरी कार्डं घेऊन ये. जाड असू देत. आणि त्या दोघांनाही आण."

बाहेर दोघं वाट बघत होते. भुंग्याने तिचे लाल डोळे बघितले आणि तिचा हात धरला.

"काय झालं, ताई? माफ केलं?"

"नाही," कप्तान म्हणाली. "उद्या बोलावलंय."