आत तोंड केलेली बाहुली

ओलं काँक्रीट हाताला किंचित गरम लागतं.

वाळूने बुजवलेली विहीर वरून साध्या जमिनीसारखीच दिसते.

आडी महिन्यात दिंडुक्कलच्या बाजारात साड्या स्वस्त मिळतात.

माझा तंबी, म्हणजे धाकटा भाऊ इळंगो, रस्ता ओलांडताना एकाच बाजूला बघतो.

एकदा पत्रिका छापून झाल्या की मुहूर्त कोणी बदलत नाही.

इमारती कशाने पडतात, हे मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते.

पळणी रोडवरच्या सोक्कलिंगम यांच्या कल्याण मंडपाचं, म्हणजे मंगल कार्यालयाचं, काम इळंगोकडे होतं. त्याचं पहिलं मोठं काम. आडीत आमच्याकडे कोणी शुभ काम हाती घेत नाही. म्हणून आडी लागायच्या आदल्या दिवशी, अंधार पडेपर्यंत, घाईघाईने हॉलचा स्लॅब ओतला. आडी संपताच आवणी महिन्यातल्या पहिल्या मुहूर्तावर मालकांच्या मुलीचं लग्न त्याच हॉलमध्ये होतं. त्याआधी फरशी बसायला हवी, आणि फरशीसाठी स्लॅबखालचे टेकू निघायला हवेत. काँक्रीटला पुरेसे दिवस मिळणारच नव्हते.

कॉलेजला जाताना मी रोज साइटवर थांबायचे. इळंगो दिवसभर त्या स्लॅबखाली वावरायचा. मला भीती त्याची होती.

हॉलसमोर उंच बांबूवर बाहुली होती, आमच्या प्रत्येक बांधकामावर असते तशी. जुनी पँट, इळंगोचा फाटका शर्ट, आत पेंढा, डोक्याच्या जागी कोहळा. त्यावर चुन्याचे डोळे आणि कोळशाची बुबुळं. तोंड रस्त्याकडे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची नजर तिने आपल्यावर घ्यायची.

पत्रिकेवर मंडपाचा फोटो छापायचा होता आणि त्यात हे ध्यान मालकांना नको होतं. इळंगोने शिडी लावली आणि बाहुलीचं तोंड आत, हॉलकडे फिरवलं. करुप्पय्या मेस्त्री खालून कुरकुरत होता. बाहेरची नजर अडवायला ठेवलेली, आत वळवली तर ती बघणार काय?

"आपलं काम बघेल," इळंगो वरून म्हणाला. "तुझ्यापेक्षा नीट बघेल."

फोटो झाला. बाहुली तशीच राहिली.

दोन दिवसांनी तिची बुबुळं डाव्या कोपऱ्यात होती. मेस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला की त्याने शिडीला हातही लावलेला नाही. मी सहज तिच्या नजरेच्या रोखाने चालत गेले. डावीकडच्या कॉलमच्या तळाशी सिमेंट नीट उतरलं नव्हतं आणि खडी मधाच्या पोळ्यासारखी उघडी पडली होती. कारण: मिश्रणात पाणी जास्त.

दुरुस्त करून घेतलं.

पुढे एका सकाळी बुबुळं खाली वळली होती. त्या रोखाने गेले तर कोपऱ्यातला टेकू बोटभर खचलेला. खाली बुजवलेली विहीर होती, तिच्याबद्दल मालक कधी बोलले नव्हते. कारण: मातीची तपासणी नाही.

तेही सावरलं. कोळसा पावसाने ओघळत असेल, आडीतल्या वाऱ्याने कोहळा हलत असेल, असं मी स्वतःला सांगत होते. मेस्त्री तिला परत रस्त्याकडे वळवायला निघाला तेव्हा मीच अडवलं. चुका सापडत होत्या. तो थुंकला आणि म्हणाला, "एंजिनियरम्मा, ती दाखवत्येय की करत्येय, ते आधी बघा."

इळंगोला मजा वाटायची. हिलाच माझ्या कॉलेजात नोकरी दे, म्हणायचा.

सोमवारी मी आले तेव्हा मेस्त्री बाहेर चहाचे ग्लास विसळत होता. मजूर यायचे होते. इळंगो हॉलच्या मध्यभागी उभा होता, डोक्याला टॉवेल गुंडाळून. त्याच्या आजूबाजूला मोकळी जमीन होती.

मधल्या रांगेचे टेकू नव्हते.

"अक्का, आज कुठे बघत्येय?"

मी वर पाहिलं. बुबुळं मधोमध होती. त्याच्यावर.

"तंबी, बाहेर ये."

"मालकांना शब्द दिलाय. रांग काढली, काही झालं का?" तो उजव्या कॉलमकडे गेला. स्लॅब चाचपून बघतात तसा त्याने हात वर केला.

मी पुन्हा वर पाहिलं. बुबुळं उजवीकडे होती.

"इळंगो, आधी बाहेर ये."

"पोरांना घाबरव तू, कॉलेजात," तो म्हणाला आणि हसला.

स्लॅब त्याच्या हसण्यावर आला.

आधी आवाज झाला की आधी धूळ आली, मला सांगता येत नाही. माझं तोंड उघडं होतं आणि त्यात सिमेंट होतं. मेस्त्री स्वतःच्या तोंडावर हात मारून घेत होता.

अग्निशमन दलाला मी जागा दाखवली. उजवा कॉलम, त्याच्या अलीकडे. माझा आवाज वर्गात असतो तसाच होता. क्रेनने तुकडे उचलले. एक, मग दुसरा.

खाली कोणीच नव्हतं.

बांबू उभा होता. दोरीच्या गाठी बांधलेल्याच होत्या. बाहुली नव्हती.

दुपारी रिक्षा थांबली. इळंगो उतरला. हातात पळणीच्या देवळातल्या पंचामृताचा डबा, गुळगुळीत डोकं, त्यावर चंदन. पहाटेच्या बसने गेलो होतो, म्हणाला. स्लॅब नीट उतरावा म्हणून मुंडनाचा नवस होता.

सकाळी त्याच्या हातात चहाचा ग्लास देणारा मेस्त्री खाली बसला आणि पुन्हा उठला नाही, तोंड फिरवून बसून राहिला.

साइटवर धावत आलेली अम्मा त्याला कवटाळून रडत होती. मग मी जवळ घेतलं.

तो फार हलका लागला.

अहवाल मीच लिहिला: जादा पाणी, विहीर, घाई, वेळेआधी काढलेले टेकू. सगळं खरं आहे. टेकू कोणी काढले, हे इळंगोला माहीत नाही. तो आता आमच्याकडेच राहतो, कमी बोलतो, खिडकीशी उभा राहून आत बघत असतो. केस अजून आलेले नाहीत. अम्मा म्हणते, उष्णता आहे.

त्या सोमवारी पळणीत न्हाव्यांचा संप होता. दिवसभरात तिथे एकाचंही मुंडन झालं नाही.