लाम्बी खाडीतलं टक्कल

"पुन्हा!" पाण्यातून डोकं वर काढत इयान्थी ओरडली. "पुन्हा कुणीतरी गवत भादरलंय! आपण लावलेलं एक रोप शिल्लक नाही!"

"एकसुद्धा?" होडीतून तिच्या धाकट्या भावानं, केलरननं विचारलं.

"अर्धंसुद्धा नाही!"

लाम्बी म्हणजे मोठ्या शंखातला जीव. त्याच्या पिल्लांना लपायला जागा हवी, म्हणून कारियाकू बेटावरच्या शाळेतल्या मुलांनी गेल्या सत्रात या आडोशाच्या खाडीत समुद्री गवताची रोपं दुसऱ्यांदा लावली होती. आता ईस्टरच्या सुट्टीत येऊन बघतात तो रोपं लावलेला तळ उघडाबोडका! आणि किनाऱ्यावर बंदर समितीची नवीकोरी पाटी: 'एक मेपासून गावच्या शिडाच्या होड्यांना येथे नांगर टाकण्यास मनाई.' गावात या खाडीत शिडाची होडी लावणारे एकच, इयान्थीचे होस्टन आजोबा. म्हणजे दोष त्यांच्याच माथी!

"बावीस वाव!" दर वावाला, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढ्या अंतरावर, गाठ मारलेली दोरी गुंडाळत त्यांची चुलतबहीण डेझरी वर आली. तिघांत तीच थोरली, तेरा वर्षांची. "मधोमध खड्डा, आणि तिथून कुठंही मोजा, टक्कल बावीस वाव. कंपासनं काढल्यासारखं गोल!"

"आजोबांच्या नांगराला साखळी तीन वाव," इयान्थी म्हणाली. "पुढे नुसता दोर."

"दोरानं गवत कापलं जात असतं, तर आईनं अंगण दोरानंच साफ केलं असतं," केलरन म्हणाला.

"हे लांब साखळीचं काम आहे," डेझरी म्हणाली. "वारा फिरला की बोट फिरते, आणि साखळी तळावरून विळ्यासारखी फिरते. एवढी साखळी पर्यटकांच्या बोटींनाच असते."

"पण त्या तर रात्री धक्क्यापाशी तरंगत्या बोयाला बांधतात," केलरन म्हणाला.

"बांधतो असं सांगतात!"

शनिवारी पाळत ठेवायला आजोबांची होडी 'रोझीना' चार माणसं, नारळाचा पाव आणि भाजलेला नीरफणस घेऊन खाडीत शिरली. आजोबांनी पाण्याचा रंग न्याहाळला. काळपट दिसेल ते आजूबाजूचं जुनं गवत, फिकट दिसेल ती वाळू. फिकट पाण्यावर येताच त्यांनी होडीचं नाक वाऱ्याकडे वळवलं, आणि होडी थांबल्यावर नांगर हळूच, दोर हाताहातानं सोडत तळाशी ठेवला.

"फेकायचा नसतो, पोरांनो. झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवतात तसा ठेवायचा."

आणि या माणसावर आळ!

सूर्य टेकला तशी खाडीच्या तोंडाशी दोन होड्या शेजारी जोडल्यासारखी एक पांढरीशुभ्र पर्यटकांची बोट दिसली. केलरननं नाव वाचलं. "'मारिसोल'! अगं, ही तर कॅप्टन लॉरिमरची!"

लॉरिमर बंदर समितीचा सभासद होता, आणि मनाईचा ठराव त्यानंच मांडला होता!

बोट थेट काळपट पाण्यावर थांबली आणि साखळी खडखडत सुटली. इयान्थी उभी राहून ओरडली, "तिथं नको! खाली गवत आहे! इकडे वाळूवर या!"

लॉरिमर कठड्यापाशी आला. "ए पोरी, समुद्र काय तुझ्या बापाचा आहे?" मग पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "निवांत झोपा. माझा नांगर वादळातसुद्धा हलत नाही!"

मध्यरात्रीनंतर वारा जोरात फिरला. 'रोझीना'च्या तळाला कान लावला तर तळावर घासणाऱ्या साखळीचा आवाज स्पष्ट येत होता. केलरननं फोटो काढला, पण त्यात एक मिणमिणता ठिपका तेवढा आला. पहाटे 'मारिसोल' निघून गेली, आणि मागे नवंकोरं टक्कल!

सोमवारी शाळेच्या हॉलमध्ये समिती बसली. अध्यक्षा अल्बर्टीनबाई निवृत्त परिचारिका होत्या. मुलांनी सगळं सांगितलं, फोटोही दाखवला.

"हा काजवा आहे का?" लॉरिमर हसला. काही मोठी माणसंही हसली. "बाई, शनिवारी रात्रभर मी धक्क्यापाशी होतो. त्या खाडीत मी दोन वर्षांत एक रात्र काढलेली नाही. आजोबांना वाचवायला नातवंडं कहाण्या रचताहेत."

"खोटारडा!" केलरन किंचाळला.

"बाळ, मोठ्यांशी असं बोलू नये," अल्बर्टीनबाई म्हणाल्या.

मोठ्यांनी खोटं बोललेलं चालतं, आणि लहानांनी खरं बोललेलं चालत नाही! इयान्थीच्या कानशिलांना आग लागली. आजोबा मान खाली घालून टोपी चुरगाळत होते. ते बघून ती उठली. ओरडायचं नाही, तिनं स्वतःला बजावलं. या माणसाला सगळ्यात प्यारं काय? त्याचा तोरा!

"कॅप्टनसाहेब, तुमचंच खरं असेल," ती गोड आवाजात म्हणाली. "तुम्ही तिथं असूच शकत नाही. खाली नुसता चिखल! शनिवारी वारा असा उलटा फिरला की तुमची बोट असती तर नांगरासकट फरफटत खडकावर गेली असती."

"हो ना," डेझरीनं री ओढली. "तिथं नांगर धरायला हात मुरलेला हवा. आजोबांसारखा."

लॉरिमर लालबुंद झाला. "फरफटत? माझी बोट? अगं, एवढा वारा फिरला, पण माझा नांगर बोटभर हलला नाही! आणि चिखल कसला? गवताखाली घट्ट वाळू आहे, घट्ट..."

तो थांबला.

"कॅप्टन," अल्बर्टीनबाईंनी चष्मा काढला, "धक्क्यापाशी गवत कधी उगवलं?"

मागून कुणीतरी फस्सकन हसलं, आणि मग सगळा हॉल उसळला. लॉरिमर काहीबाही बोलू लागला, पण आता कोण ऐकणार! त्याला समितीवरून तिथल्या तिथं काढलं. मनाईचा ठराव रद्द झाला. खाडीत वाळूवर दोन बोये बसवायचे, आणि नवी रोपं लॉरिमरनं स्वतः पाण्यात उतरून लावायची, असं ठरलं.

"शाबास, पोरांनो!" अल्बर्टीनबाई म्हणाल्या. "आम्हा म्हाताऱ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. केलरननं वाकून तीनदा नमस्कार केला.

इयान्थी मात्र हाताची घडी घालून उभी होती. "बाई, शाबासकी नंतर. तुम्ही सगळ्यांनी न विचारता आजोबांना गुन्हेगार ठरवलं. आधी त्यांची माफी मागा."

टाळ्या थांबल्या. अल्बर्टीनबाई उठल्या, सावकाश चालत आजोबांसमोर आल्या आणि म्हणाल्या, "होस्टन, चुकलं आमचं. माफ कर."

एकेक करत सगळी समिती उभी राहिली.

आजोबांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, इयान्थीचा हात घट्ट धरला आणि ताठ मानेनं म्हणाले, "चला रे पोरांनो, भरती लागलीय. लाम्बी खाडीत जाऊ. आज नांगर माझी नात टाकेल!"