दोरी हातभर खाली

दोरी फक्त हातभर खाली आली असती, तर शिवणवालीच्या घरात समुद्र राहिला असता. बदल्यात द्यायचं काय? थोडं हसू, अधूनमधून चहा आणि एका फाटक्या बाहीला चार टाके. सौदा स्वस्तात पडत होता.

बाही भिंतवाल्याची. किनाऱ्यावर नवी भिंत बांधायला आलेला इंजिनिअर तो. भिंत किती उंच येणार हे दिसावं म्हणून खांब रोवून त्यांना दोरी बांधत चालला होता. शिवणवालीच्या दुकानासमोर खिळ्यात बाही अडकली आणि टर्रकन फाटली. तो आत आला. बाहेर भुरभुर पाऊस... आत मशीनच्या तेलाचा वास, आणि दाताने दोरा तोडणारी ती. भिंतवाला बघतच राहिला.

"बाही शिवायचीय ना? मग बाही पुढे करा. डोळे राहू द्यात जागेवर."

खिडकीशी तिचे वडील बसले होते, आप्पा. जन्मभर बोट चालवलेली. आता गुडघ्यांनी संप पुकारलेला. दिवसभर समुद्र बघणं हाच उद्योग उरला होता. आणि दोरी नेमकी त्यांच्या नजरेच्या वर. भिंत झाली की आप्पांसमोर नुसतं सिमेंट.

"घ्या ना हातभर खाली," चहा पुढे करत ती म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"समुद्राला कळतं, टेलरबाई. दरवर्षी थोडा थोडा वर चढतोय तो. आज आप्पा त्याला बघतायत. भिंत कमी पडली, तर तुमच्या नातवंडांच्या वेळी तो आप्पांच्या खुर्चीत येऊन बसेल."

"नातवंडं? इथे नवऱ्याचा पत्ता नाही!"

"ते जर माझ्या हातात असतं, तर—"

"हातातली दोरी सोडवत नाही, आणि निघाले माझं लग्न जुळवायला!"

तो लाजला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, मग रोजच. चहा जात होता, दोरी हलत नव्हती. आपण तोट्यात चाललोय, हे शिवणवालीच्या ध्यानात आलं. त्याहून वाईट म्हणजे, त्याला उशीर झाला की मशीन थांबवून आपण रस्त्याकडे बघतो, हेही.

एका संध्याकाळी कामगार गेल्यावर तिने स्टूल घेतलं आणि दोरी स्वतःच हातभर खाली बांधली. गवंडी दोरी बघूनच बांधणार होते.

सकाळी भिंतवाला दोरीपाशी क्षणभर थबकला. मग दोरी तशीच ठेवून पुढच्या खांबाकडे गेला. चहाला मात्र आला नाही... त्या दिवशी नाही, पुढेही नाही. शिवणवालीची शिलाई वाकडी जाऊ लागली.

गवंडी यायच्या आदल्या दिवशी तो फळ्या घेऊन हजर झाला. खिडकीशी त्याने लाकडी ओटा ठोकला आणि दोघांनी मिळून आप्पांना खुर्चीसकट वर चढवलं.

"अरे भिंतवाल्या, दोरी पार खाली राहिली की! हातभर जास्त केलास."

"माप बरोबर आहे, आप्पा."

शिवणवालीचे कान तापले. ओटा तिने ओढलेल्या दोरीच्या मापाचा नव्हता, खऱ्या भिंतीच्या मापाचा होता.

"कळलं होतं... मग बोलला का नाहीत?"

"इतकी नाजूक गाठ आमच्यात कुणाला येते? पण आप्पांची सोय केल्याशिवाय कुठल्या तोंडाने बोलणार? आता करतो वर."

"तुम्ही नाही. मी."

ती स्टुलावर चढली. त्याने स्टूल धरलं. गाठ सोडून तिने दोरी जुन्या खुणेवर घट्ट बांधली.

"आता कशाला याल म्हणा... तुमचं काम झालं."

"कामासाठी कोण येत होतं?"

ती वळली नाही. "रोज पाहुण्याला चहा मला परवडायचा नाही. घरचेच होणार असाल, तर बघा."

"कधीपासून?"

"आधी स्टूल नीट धरा!"

भिंत पुऱ्या उंचीची झाली. आप्पांना समुद्र मिळाला, शिवणवालीला भिंतवाला, आणि त्याला हक्काचा चहा. पदरचं कुणाचं गेलं म्हणाल, तर कपडे घालून बघायचा कोपरा ओट्याने गिळला. आता माणसं दाराआडच्या चिंचोळ्या जागेत कोपरं आपटत माप बघतात, आणि ओट्यावरून आप्पा प्रत्येक बोटीची कुळकथा ऐकवतात. संपेपर्यंत बाहेर पडायची सोय नाही. सगळी किंमत मोजली ती बिचाऱ्या गिऱ्हाइकांनी.