दाबा जी, भाऊजी

खाली लिहिलेल्यातलं काही खोटं वाटलं, तर हिंगणघाटला या. ट्रक अजून तिथंच उभा आहे. हात लावून बघा. चाकं मोजा.

फक्त केबिनमध्ये चढू नका.

हे मला दुर्गेशनं सांगितलं. दुर्गेश माझा मावसभाऊ, ट्रकचा मिस्त्री. तो खोटं बोलत नाही. तत्त्व वगैरे काही नाही, त्याला सुचतच नाही. शाळेत "गृहपाठ का केला नाही?" विचारलं की तो सांगायचा, "झोपलो होतो." रोज मार खायचा, रोज तेच सांगायचा.

तारीख १४ मे २०२४. मंगळवार. दुपारचे अडीच.

हो, दुपारचे. भुताच्या गोष्टीला रात्र लागते हे मलाही माहीत आहे. पण मे महिन्यात आमच्याकडे दुपारी अडीचला रस्त्यावर जेवढी माणसं दिसतात, त्याहून जास्त रात्री अडीचला दिसतात. ऊन पंचेचाळीस. कुत्रीसुद्धा ट्रकच्या सावलीनं सरकत होती.

हायवेला लागून दुर्गेशचं टिनाचं गॅरेज. तो आणि त्याचा भागीदार रजत, दोघंच. आणि आत उभा एक सहा चाकी ट्रक, सव्वीस वर्षांचा म्हातारा.

ट्रक रूपरावांचा. रूपराव म्हणजे दुर्गेशच्या कोकिळाताईचे मालक, दुर्गेशचे भाऊजी. राहतात आंजीला, म्हणजे हिंगणघाटपासून पन्नासेक किलोमीटर. बावीस वर्षं त्यांनी याच ट्रकनं कापसाच्या गाठी वाहिल्या. एक अपघात नाही. आरसासुद्धा कधी घासला नाही.

मग दिवाळीनंतर, पुतणीच्या वाढदिवसाला, फुगा फुगवता फुगवता त्यांना लकवा मारला.

फुगा पूर्ण फुगला होता, असं ताई सांगते.

बोलणं हळूहळू परत आलं, जरा जड. डावा पाय मात्र आला नाही. डावा. क्लचचा. लाकडाच्या ओंडक्यासारखा पलंगावर पडून असायचा. सुई टोचली तरी भाऊजी विचारायचे, "टोचली का?"

बदली ड्रायव्हर ठेवला. त्यानं पाणी न बघता गाडी हाकली आणि आठ दिवसांत इंजिन जाम केलं. नवरा पलंगावर, ट्रक गॅरेजमध्ये. ताईनं एका वाक्यात निकाल दिला.

"आरटीओचं पासिंग सत्तावीस मेले हाय. तोवर यायचा पाय आला तं गाडी ठेवू. नाई आला तं भंगारात."

त्यावर भाऊजी भिंतीकडे तोंड करून झोपले. दोन दिवस जेवले नाहीत.

म्हणून दुर्गेशनं इंजिन खोललं. लायनर, पिस्टन, रिंगा नवीन टाकल्या. क्रँक घासून आणला. जमेल तसं, इतर कामांच्या मधे मधे, इंजिन पुन्हा बांधून उभं केलं. राहिला क्लच.

आता क्लच कोणता टाकायचा? नवीन सेट नागपूरहून मागवता आला असता. भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीचा बरा सेट आणता आला असता. नाहीतर भाऊजींचीच जुनी प्लेट, तिला नवं लायनिंग ठोकून. दुर्गेशनं आंजीला फोन लावला.

"भाऊजी, जुन्या प्लेटच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या. नवीनच टाकू."

"नाई. प्लेट माहीच ठेवजो. लायनिंग बदल."

"लोड नाई घेनार ते."

"घेते. तिले माहा पाय मालूम हाय."

बहिणीच्या नवऱ्याशी वाद घालायचा नसतो. दुर्गेशनं "हो जी" म्हटलं, जुन्या प्लेटला लायनिंग ठोकून आणलं, आणि गुपचूप नागपूरला नव्या सेटचीही ऑर्डर दिली. मग जुनी प्लेट बसवून गिअरबॉक्स चढवला.

आता क्लचच्या ऑइल लाइनमधली हवा काढायची होती. याला दोन माणसं लागतात. एक वर केबिनमध्ये, पेडल दाबायला. एक खाली, गाडीखाली उताणा, नट ढिला करायला. खालचा "दाब" म्हणतो, वरचा दाबतो. खालचा "सोड" म्हणतो, वरचा सोडतो. एकमेकांचं तोंड दिसत नाही.

खाली दुर्गेश. वर रजत.

"दाब."

खट्... डोक्यावरची क्लचची दांडी पुढे सरकली.

"सोड."

दांडी मागे.

"दाब. धर."

धरला.

रजतला एरवी "दाब" म्हटलं की तो आधी "आँ?" म्हणतो. आज म्हणाला नाही. "अर्धा दाब" म्हटलं तर बरोबर अर्धा. सुतभर इकडे नाही, सुतभर तिकडे नाही. दुर्गेशला वाटलं, चला, पोराला अक्कल आली.

तेवढ्यात ऑइलचा थेंब त्याच्या डोळ्यात पडला.

"धर ना बे गधड्या! सोडू नको!"

पेडल सुटलेलंच नव्हतं. उगाच शिवी दिली. पण मिस्त्री लोकांत तेवढं चालतं.

डोळा पुसून त्यानं मान वळवली. गाडीखालून गॅरेजचं फाटक दिसत होतं.

फाटकातून... दोन चपला आत येत होत्या.

निळ्या पट्ट्याच्या. रजतच्या.

दांडी अजून पुढेच होती. कोणीतरी पेडल धरून ठेवलं होतं.

"रजत?"

"हं?"

"तू खाली हायस?"

"मंग? रस आणाले गेलतो. लय गर्दी होती बे तिथं."

"कवा गेलता?"

"अर्धा घंटा झाला. तुले सांगून गेलो ना."

दुर्गेशनं वर दांडीकडे बघितलं. मग हळूच म्हणाला...

"सोड."

दांडी मागे गेली.

दोघं वर चढले. केबिनचं दार बाहेरून लागलेलं. आत कोणी नाही. सीटवर धूळ, धुळीवर फक्त रजतच्या बसण्याचा ठसा. पण क्लच पेडलचं रबर ओलं दिसत होतं. दुर्गेशनं बोट लावून वास घेतला.

तेल होतं. गाडीचं नाही.

लसणाच्या फोडणीचं.

कोणी ओरडलं नाही. दोघं खाली उतरले आणि सावलीत बसून उसाचा रस प्यायले. बर्फ विरघळला होता.

"काम झालं का पण?" रजतनं विचारलं.

"झालं."

"बराबर झालं?"

"तुह्यापेक्षा बराबर."

"मंग जाऊ दे."

चार वाजता ताईचा फोन आला. ती रडत होती की हसत होती, कळत नव्हतं.

"दुर्गेश, यायचा पाय हालला रे!"

"कवा?"

"अडीचच्या सुमारास. मी मालिश करून देत होती, लसणाच्या तेलानं. हे झोपेत होते. तं पाय असा खाली दाबला गेला... मंग सुटला. मंग अजून दाबला. बराच वेळ चाललं तसं."

दुर्गेशनं ट्रककडे बघितलं.

"एक इचारू का?" ताई म्हणाली. "तू यायले काही बोलला का? फोनवर-गिनवर?"

"नाई."

"मंग उठल्यापासून हे काऊन म्हणून राह्यले, का दुर्गेशनं मले गधडा म्हटलं?"

दुर्गेशला भीती वाटली का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "भीती नाई वाटली. लाज वाटली." भाऊजींना आजवर त्यानं अरे-तुरेसुद्धा केलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं अडीच वाजता रजतला फाटकाजवळ बसवलं, डोळ्यांसमोर. स्वतः हात धुतले. गाडीखाली गेला.

"दाबा जी."

काही नाही.

कूलर घरघरत होता.

"भाऊजी... कालचं माफ करा. मले रजत वाटला."

थोडा वेळ गेला...

खट्.

मग हे रोजचं झालं. दुपारी अडीचला दुर्गेश उताणा पडायचा. दाबा जी. सोडा जी. अर्धा दाबा. धरा. तिकडे आंजीत भाऊजींचा पाय चालायचा. आधी अंगठा, मग घोटा, मग गुडघा. वर्ध्याहून येणारा व्यायामवाला डॉक्टरही "दाबा, सोडा" एवढंच म्हणायचा, आणि सगळं श्रेय त्यानं घेतलं. दुर्गेशनं घेऊ दिलं.

बावीस तारखेला ट्रकमध्ये गिट्टी, म्हणजे खडी, भरून बघितली. वेणा नदीचा पूल ओलांडून चढाला लागले आणि इंजिन नुसतं बोंबलायला लागलं. गाडी जागची हलेना. प्लेट घसरत होती. दुर्गेश म्हणाला होता तेच. अशा क्लचवर पासिंग होणार नव्हतं.

नवा सेट नागपूरहून येऊन पडलाच होता. रजत म्हणाला, "टाकून देऊ बे. चार घंट्यांचं काम."

दुर्गेशनं पान्हा लावला. गिअरबॉक्सचा एक बोल्ट ढिला केला.

दुसरा ढिला केला...

फोन वाजला.

"दुर्गेश, यायचा पाय थंडा पडून राह्यला रे. बर्फावानी झाला. काय करू?"

दुर्गेशनं दोन्ही बोल्ट परत कसले. फोन चालूच होता.

"आता?"

"आता... आता बरा हाय. काय केलं तू?"

"काई नाई. बोल्ट कसले."

ताईला ते समजलं नाही. तिनं विचारलंही नाही. रजतनं नवी प्लेट खोक्यात परत ठेवली आणि त्याच खोक्यावर बसून जेवला.

सव्वीस मे. रविवार. पासिंगला एक दिवस.

अडीच वाजले. दुर्गेश गाडीखाली.

"दाबा जी."

पेडल आजवर कधी गेलं नव्हतं तसं गेलं... पार खाली, फरशीला टेकलं. वर सगळी केबिन कुरकुरली. कोणीतरी पूर्ण भार टाकल्यासारखी.

दुर्गेशनं "सोडा" म्हणायला तोंड उघडलं.

फोन वाजला.

"उभे राह्यले!" ताई किंचाळत होती. "कशालेच धरलं नाई रे! डाव्या पायावर उभे हाय! माह्यासमोर!"

दुर्गेशनं तोंड मिटलं.

तो तसाच हळूहळू गाडीखालून बाहेर सरकला. रजतला तोंडावर बोट ठेवून बाहेर नेलं आणि सांगितलं, या गॅरेजात तो शब्द आता कोणी म्हणायचा नाही. कोणालाच. गिऱ्हाइकालाही नाही.

पेडल खालीच राहिलं. संध्याकाळी, रात्री, दुसऱ्या दिवशी. स्प्रिंग बघितली, धड होती. काही अडकलेलंही नव्हतं. क्लच दाबलेला ट्रक हलत नाही, त्यामुळे पासिंगची तारीख निघून गेली. आंजीत भाऊजी मात्र अंगणात फिरत होते, मग गल्लीत, मग बसस्टँडपर्यंत. रोज फोन करायचे.

"माही गाडी कवा देतो? आता तं मी सोता चालवतो."

"देतो जी. थोडं काम हाय."

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते न सांगता आले. एस.टी.नं, एकटे, वर्ध्याला गाडी बदलून. दुर्गेश चहाला गेला होता. तो परत आला तोवर भाऊजी केबिनमध्ये चढून बसले होते. बावीस वर्षांची सवय. हात स्टेअरिंगवर. चेहरा असा की दुर्गेशला हाक मारवेना.

त्यांनी चप्पल काढली आणि डावा पाय क्लचवर टाकला.

आणि तसेच थांबले.

कपाळावर घाम आला. ओठ हलले. दुर्गेश दाराशी गेला.

"काय झालं जी?"

"हे रबर नाई बे."

"मंग?"

"पाय हाय."

दुर्गेशनं खाली बघितलं. भाऊजींचा पाय पेडलच्या वर तरंगत होता. चार बोटं वर. खाली काहीच दिसत नव्हतं.

"कोणाचा?"

भाऊजींनी अंगठ्यानं हळूच चाचपलं. डोळे मिटून.

"माहाच. करंगळीचं नख फुटेल हाय." त्यांनी अजून एकदा चाचपलं. "थकला रे हा. थरथरून राह्यला."

हायवेवरून एक गाडी गेली, मग दुसरी.

भाऊजींनी फार सांभाळून पाय काढून घेतला. झोपलेल्या माणसाशेजारून उठावं तसा. खाली उतरले. दार हलक्या हातानं लावलं. ट्रकच्या बोनेटवर एकदा हात फिरवला आणि बसस्टँडकडे चालायला लागले.

"गाडीचं काय करू?" दुर्गेशनं मागून विचारलं.

"उभी राहू दे."

त्यानंतर त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. आता ते गावातल्याच एका दुकानात बसतात. चालत जातात, चालत येतात. गाडीबद्दल कोणी विचारलं तर विकली म्हणून सांगतात.

गोष्ट इथं संपवणार होतो. पण काल, नोव्हेंबरच्या तीन तारखेला, दुर्गेशचा फोन आला. पेडल आणि फरशीच्या मध्ये आधी कागद जात नव्हता, म्हणाला. परवा बोट गेलं.

काल दोन बोटं.

त्यानं ताईला फोन केला होता. सांगायचं म्हणून केला, पण सांगवलं नाही. तीच बोलता बोलता म्हणाली, "हे सकाळपासून जरासे लंगडून राह्यले. थंडीनं असंल."

"हो," दुर्गेश म्हणाला. "थंडीनंच असंल."

मी मोबाईलवर बघितलं. आंजीला काल एकतीस डिग्री होतं.