गिटारमधली टकटक

“थांब! स्पीकर सगळ्यात शेवटी!”

सबीहाआपा ओरडली आणि अरीबचं बोट बटणाजवळच थिजलं.

“मी तर नुसतं बोट ठेवलं होतं,” तो पुटपुटला.

“आधी सगळे आवाज शून्यावर. मग ही पेटी, मग लॅपटॉप अन् शेवटी स्पीकर! नाहीतर असा धडाका होतो, की स्पीकर पण जाते अन् कान पण!”

मिस्बाहला हसू आलं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या परतवाड्याच्या घरातली मागची खोली ओळखू येईनाशी झाली होती. तिची मोठी बहीण सबीहा अमरावतीला विद्यापीठात शिकायची. युवक महोत्सवाच्या स्पर्धेसाठी तिला गिटार वाजवून रेकॉर्डिंग पाठवायचं होतं, आणि तेही रविवारी संध्याकाळी सहाच्या आत. गिटार तिची स्वतःची होती. पण अ‍ॅम्प मॉडेलर नावाची ती काळी पेटी आणि दोन जडशीळ स्पीकर तिने मैत्रिणीकडून मागून आणले होते. त्या एवढ्याशा पेटीत गिटारचा आवाज शिरला, की कपाटाएवढ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून यावा तसा होऊन बाहेर पडायचा!

मिस्बाहच्याच वर्गातली, शेजारची नीलम माहितीपुस्तिका मोठ्याने वाचत होती. “गिटारची वायर पेटीत. पेटीतून यूएसबी केबल लॅपटॉपला. पेटीच्या मागून दोन वायरी, डावी डाव्या मॉनिटरला, उजवी उजव्या मॉनिटरला...”

“मॉनिटर?” मिस्बाहच्या दहा वर्षांच्या धाकट्या भावाने, अरीबने, डोळे विस्फारले. “वर्गात असते तसा?”

“अगदी तसाच, चुगलखोर!” आपा म्हणाली. “साधे स्पीकर आवाज गोड करून सांगतात. हे स्टुडिओतले. जे चुकलं, ते जसंच्या तसं ऐकवतात.”

आणि त्यांनी लगेच चुगली केलीच! आपाने आवाज हळूहळू वाढवला मात्र, दोन्ही स्पीकरमधून सुरू झालं,

टक्... टक्... टक्...

दर सेकंदाला एक. आपाने तारा दाबून धरल्या, तरी टक्! हात पूर्ण काढला, तरी टक्!

आपाचा चेहरा उतरला. “अमरावतीच्या स्टँडवर बॅग खाली पडली होती. मीच बिघडवली पेटी! आता कोणत्या तोंडाने परत देऊ?”

तिचे डोळे भरून आलेले मिस्बाहला पाहवले नाहीत. “आपा, चोर सापडायच्या आधीच कबुली कायले देते? एकेकाला सोडवत जाऊ. ज्याला काढल्यावर टकटक थांबेल, तो चोर!”

नीलमने वहीत संशयितांची यादी केली. पहिली यूएसबी केबल काढली. टक्! लॅपटॉपचा चार्जर काढला. टक्! गिटारची वायर बदलली. टक्! शेवटी मिस्बाहने गिटारची वायर पेटीतून उपसूनच टाकली.

शांतता!

“पेटी निर्दोष!” नीलमने टाळी वाजवली.

“म्हणजे माझी गिटार बिघडली?” आपा म्हणाली.

वायर पुन्हा जोडून अरीबने गिटार गळ्यात अडकवली आणि ऐटीत गिरकी घेतली. त्याबरोबर टकटक बारीक झाली, मग मोठी झाली!

“थांब अरीब! पुन्हा फिर, हळू!” मिस्बाह ओरडली. दाराकडे तोंड करून उभा राहिला की टकटक जवळजवळ नाहीशी व्हायची. मागच्या खिडकीकडे वळला की ठणठणीत!

“तारांखाली तांब्याची गुंडाळी असते,” आपा विचार करत म्हणाली. “ती तारांची थरथर पकडते, तशी आसपासच्या विजेची गडबडही पकडते. मग चोर बाहेरच आहे!”

खिडकीबाहेर दहा पावलांवर खुशालरावकाकांचं तुरीचं शेत होतं.

विजेची गडबड रेडिओही पकडतो, म्हणून मिस्बाहने अब्बांचा बॅटरीवरचा रेडिओ उचलला आणि जिथे कोणतंच स्टेशन लागत नाही तिथे काटा आणला. अंगणात पाऊल टाकताच रेडिओही बोलला, टक्! शेताच्या कुंपणाजवळ तर तो नुसता तडतडायला लागला. उंच वाढलेलं गवत तारेला टेकलं होतं, आणि दर टक् बरोबर तिथे निळी ठिणगी उडत होती.

“ए पोट्टेहो! काय करून राहिले तिथं?” खुशालरावकाका काठी आपटत आले. “झटका मशीन हाय थे! औंदा सोयाबीन तर गेलंच. ही तूर तरी डुकरांच्या तोंडातून वाचवू का नको?”

“माणसाला लागलं तर?” नीलमने विचारलं.

“झटका बसते, मंग सेकंदभर सुटी. तेवढ्यात मांगं सरकता येते. मरत नाही कोणी.”

“पण काका, हे गवत काढा ना. आमच्या गिटारमध्ये टकटक होऊन राहिली.”

“आता गिटारीसाठी शेत निंदू? पळा!”

तिघं पळाली. पण चोर तर सापडला होता! पेटी धडधाकट आहे हे कळल्यावर आपाची कळी खुलली. गिटार दाराकडे तोंड करून वाजवायची, एवढंच करायचं होतं.

रविवारी दुपारी साडेतीनला आपा रेकॉर्डिंगला बसली. आज तर टकटकच नव्हती! तिने पहिला सूर छेडला आणि अचानक स्पीकर घुमायला लागले. घूंऽऽऽऽ...

“आता हे काय नवीन?” आपा वैतागली.

मिस्बाहने गिटार खिडकीकडे वळवली. घूं वाढलं. काल टक् आणि टक् यांच्यामध्ये सेकंदभराची सुटी होती. आज सुटीच नव्हती!

“आपा, तारेत थेट लाइन सोडलीय कोणीतरी! घरातल्या विजेसारखी! पार्बताआजी!”

पार्बताआजी रोज याच वेळी कुंपणाच्या काठाने बकऱ्या घेऊन जायची.

“मी लाइनमनला फोन करते. तारेपासून लांब राहा!” आपा ओरडेपर्यंत मिस्बाहने रेडिओ उचलला होता आणि तिघं अंगणापार गेली होती.

पहिली बकरी कुंपणापासून पाच-सहा हातांवर होती. नीलमने दोन्ही हात पसरून वाट अडवली. अरीब “हुर्र! हुर्र!” करत कळपाला मागे वळवू लागला.

“काहून माह्या बकऱ्या पिटाळून राहिले रे?” आजी चिडली.

“आजी, तारेत लाइट हाय! पुढं नको येऊ!” मिस्बाह ओरडली.

गलका ऐकून खुशालरावकाका विहिरीवरून आले. नुकतंच तोंड धुतलेलं, खांद्यावर ओला दुपट्टा. “काय झालं? मशीन तर बंद हाय. बॅटरी बसली.”

ते खोटं बोलत नव्हते. पण मिस्बाहने पाहिलं, की ते तारेपासून चार हात लांबच उभे होते.

“मग तारेत काहीच नाही?”

“काही नाही!”

“मग तुमचा दुपट्टा टाका ना तारेवर वाळत!”

काकांनी दुपट्टा घट्ट धरला. “अं... वाळला हाय थो.”

“पाणी टपकून राहिलं की काका!” नीलम म्हणाली.

मिस्बाहने रेडिओ पुढे धरला. तो नुसता खरखरत होता. पार्बताआजीने एकदा तारेकडे पाहिलं, एकदा बकऱ्यांकडे आणि मग खुशालरावांकडे. ती नजर काकांना झोंबली. ते वळले, मोटारीच्या खोलीकडे गेले आणि त्यांनी खटका पाडला. रेडिओची खरखर त्याच क्षणी विरून गेली.

“सांजच्याले डुकरांचा कळप येते,” परत येऊन ते खाली मान घालून म्हणाले. “म्हणून आताच जोडून ठेवली. माणसाचा इचारच नाही केला मी. माफ कर, पार्बताबाई.”

लाइनमन देवमनकाका मोटरसायकल दामटत आले. त्यांनी जोडलेली वायर काढून गुंडाळली आणि खुशालरावांना असं काही फैलावर घेतलं, की बकऱ्यासुद्धा गप्प झाल्या. सगळी हकिकत ऐकल्यावर मात्र ते मिस्बाहकडे वळले. “वीस सालांपासून लाइनवर हाओ मी, पोरी. पण तारेतला करंट ऐकून ओळखणारं पोट्टं पह्यल्यांदा पाह्यलं!”

“पोट्टं नाही, पोट्टी!” नीलमने दुरुस्ती केली. पार्बताआजीने तिघांच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली.

सव्वापाचला आपा पुन्हा वाजवायला बसली. सगळे श्वास रोखून भिंतीला टेकून बसले होते, आजीसुद्धा. स्पीकरमधून फक्त गिटार येत होती, स्वच्छ, नितळ. सहाला सात मिनिटं असताना रेकॉर्डिंग गेलं!

“व माय! एवढ्याशा पेटीत एवढी मोठी गिटार बसते?” आजी म्हणाली आणि अरीब हसून हसून लोळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हाक आली. खुशालरावकाका विळा घेऊन उभे होते. “मिस्बाह बेटा, नवी बॅटरी लावली. अन् गवतही कापून राहिलो. थो रेडिओ घेऊन चालतं का माह्यासंगं? सारं कुंपण ऐकून दे एकडाव. कुठी ठिणगी राह्यली, तर तूच सांग.”

अब्बांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. “जा बेटा. खुशालभाऊ स्वतः विचारायले आले.”

मिस्बाहने चपला पायात सरकवल्या. नीलम आणि अरीब तिच्या आधीच अंगणात पोचले होते!